दुसऱ्याच्या लोणच्याचा वास

बिबवेवाडीच्या शालनबाई माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, डब्यावर ठेवतात. संध्याकाळी मुलाचा डबा आला की आधी उघडून वास घेणार, मग घासायला टाकणार. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. ही खोड त्यांना उगीच लागलेली नाही.

२००९च्या मंदीत त्यांच्या नवऱ्याचा, उत्तरेश्वररावांचा, भोसरीतला कारखाना बंद पडला आणि या गृहस्थांनी घरात चकार शब्द काढला नाही. रोज डबा घेऊन निघायचं, सारसबागेत बसून खायचं, संध्याकाळी वेळेवर हजर. पण कारखान्यात सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालणारे. कुणाचा ठेचा, कुणाची शेंगदाण्याची चटणी झाकणाला लागून यायचीच. ती यायची थांबली ते शालनबाईंच्या लक्षात आलं. विचारलं, तर नवरा ढसाढसा रडला. पुढे त्या घरानं दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. त्याच सुमारास समोरच्या पूर्णिमाबाई जिन्यात म्हणाल्या, "आमचे हे थोडक्यात वाचले हो, नोकरी राहिली." शालनबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

आता मुलगा तेजस खराडीला आयटीत. यंदा पगारवाढ नाही, नवी भरती नाही, ऑफिसातला फुकटचा नाश्ताही बंद.

"आई, माइल्ड मंदी आहे गं," तो समजावायचा. "तेव्हा कारखान्यांना कुलपं लागली होती. आता कंपन्या नुसता हात आखडतायत. दोन-तीन क्वार्टरमध्ये सगळं नॉर्मल."

शालनबाई ऐकून घ्यायच्या. बापही असाच गोड बोलायचा.

आणि गेले काही दिवस डब्याला नुसता आपल्याच मेथीचा वास. तेजसच्या शेजारी बसणाऱ्या आनंदच्या आईचं लिंबाचं लोणचं रोज असायचं, ते गायब. शालनबाईंची झोप उडाली.

सोमवारी तो दारात बूट काढत होता, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून डबा काढला, उघडला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"कुठल्या बागेत बसतोस?"

तेजसला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यानं गळ्यातलं कार्ड पुढे केलं. "नोकरी आहे, आई. हेच लावून आत जातो."

"कार्ड तुझ्या बाबांकडेही होतं. लोणचं कुठाय?"

तो पुन्हा बुटाची नाडी सोडू लागला. "आनंदची गेली. आमच्या टेबलावरच्या सगळ्यांचीच गेली. मी एकटाच जेवतो."

शालनबाईंचा जीव भांड्यात पडला. डब्यासकट हात आपसूक जोडले गेले आणि तोंडातून निघून गेलं, "देवाची कृपा. थोडक्यात वाचलास रे."

तेजस बूट तिथेच टाकून आत गेला. शालनबाईंनी वर पाहिलं. समोरचं दार उघडं होतं, आणि पूर्णिमाबाई उंबऱ्याशी बसून मान खाली घालून शेंगा सोलत होत्या.