अण्णांचं ‘हा कर’

मंठ्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईनं पिशवीत धपाटे कोंबले आणि अण्णांनी कानात उपदेश. अण्णा, माझे वडील, म्हणजे गावातल्या दारूबंदीचे स्वयंघोषित फौजदार. संध्याकाळी पारावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला “हा कर!” म्हणत आणि तोंडाचा वास घेत. “तिकडं हा कर म्हणणारं कोणी न्हाई. संभाळून राह्य,” ते म्हणाले. निरोपाला आलेले गावकरी खदाखदा हसले.

पुण्यात कारखान्यात ड्रॉइंगची नोकरी लागली. काही वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, एका डोळ्यापुढे धुकं आलं, तोल जाऊन मी भिंतींना मिठ्या मारू लागलो. एमआरआय काढला. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू-मणक्यातल्या नसांवरचं आवरण झिजतं. मी फार घाबरलो.

तशात चुलतभावाच्या लग्नाला भर उन्हाळ्यात गावी आलो. उन्हात हा आजार चेकाळतो, हे कुणाला ठाऊक! स्टँडवरून मांडवापर्यंत झुलतच पोचलो. अण्णांनी सगळ्यांदेखत फर्मावलं, “हा कर.” केला. वास नव्हता.

“बिनवासाची आसंल. पुण्यात काय बी भेटतं.”

मी आजाराचं नाव सांगितलं. “इंग्रजी नाव दिलं म्हून दारू सुटती का? सोड, मंगच उंबरा चढ.” परतताना गाडीत मी रडलो, खोटं कशाला सांगू.

पुढं डॉक्टरांनी एका गटाचा पत्ता दिला. आमच्यासारखी माणसं महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात जमत. हात थरथरतात म्हणून तिथे चहा अर्धाच कप, संपला की पुन्हा अर्धा. कितीतरी दिवसांनी मी न सांडता चहा प्यालो.

एकदा अण्णा न कळवता पुण्यात उगवले आणि खोलीवाल्याकडून पत्ता काढून थेट वर्गात आले. पाहतात तर कुणी बाकावर धडकतंय, कुणाची जीभ जड. अण्णांना अड्डाच सापडला! दाराजवळच्या चाकाच्या खुर्चीतल्या निवृत्त मास्तरीणबाईंनाच त्यांनी गाठलं. “हा करा, बाई.”

“करते की. आधी तुम्ही करा.”

अण्णांनी केला. बाईंनी नाक दाबलं. “इथे वास फक्त तुमच्याच तोंडाला येतोय हो. तंबाखूचा.”

सगळा वर्ग हसून कोसळला. मग बाईंनी त्यांना बाकावर बसवून सगळं समजावलं. “म्हंजे वायरीचं रबर गेलं, अन् आम्ही मोटरीलाच शिव्या देऊन राह्यलो,” अण्णा म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले.

आता मी गावी गेलो की अण्णा स्टँडवर ओला टॉवेल घेऊन उभे असतात. माझ्या चालीला कोणी हसलं, तर त्याला जागेवरच “हा कर!”

माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, तुझं घर आता कुठलं? पुण्यातला तो वर्गही घरच आहे. पण आमच्याकडे पाहुण्याला बशीत सांडेपर्यंत चहा देण्याची रीत, आणि अण्णांच्या घरी आता सगळ्यांनाच अर्धा कप मिळतो, माझा एकट्याचा वेगळा दिसू नये म्हणून. पाहुणे कंजूष म्हणतात. अण्णा म्हणतात, “दोनदा भेटतो की. गप प्या.”