स्वतःचीच रेकॉर्ड हुडकत बेंगळुरू: बनशंकरी, बोम्मसंद्रा, येलहंका

बेंगळुरूला मी हवा खायला गेलो नव्हतो, माझी चूक निस्तरायला गेलो होतो. पण चूक निस्तरायला गेलेला माणूस इडली खात नाही असं थोडंच आहे! म्हणून हा लेख.

आधी ओळख. वय सदुसष्ट. कॉलेजात असल्यापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. ‘थर्ड गियर’ नावाचा आमचा रॉक बँड होता. चौघे जण, चौघांचे केस खांद्यापर्यंत आणि चौघांचे वडील नाराज. बँड मोडल्यावर मी हॉटेलांत वाजवलं, ऑर्केस्ट्रात वाजवलं, शिकवण्या केल्या. गेली पंचवीस वर्षं पुण्यात घराखालच्या गॅरेजमध्ये जुन्या रेकॉर्डी घेतो आणि विकतो. केस गेले, बाकी सगळं चालू आहे.

बँड का मोडला, हे गिऱ्हाईक हटकून विचारतं आणि मीही रंगवून सांगतो. आमचा गायक मधुकर, म्हणजे मध्या, बेसूर व्हायचा. एकदा तालमीत मी ते सगळ्यांदेखत तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. इंजिनिअर होताच, बेंगळुरूला सरकारी कारखान्यात लागला. दोस्ती टिकली, पण तो पुन्हा कधी गायला नाही.

आमची एकच रेकॉर्ड निघाली, म्हणजे निघता निघता राहिली. कंपनीने चाचणीपुरत्या चार प्रती छापल्या, पांढऱ्या कोऱ्या लेबलच्या, आणि मग त्यांचं मन फिरलं. चौघांना एकेक प्रत मिळाली. ड्रमरच्या आईने त्याची लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली. बेसवाल्याची तीन घरं बदलताना हरवली. मध्याने स्वतःची मे महिन्यात मोटारीत मागच्या काचेखाली ठेवली आणि ती वाडग्यासारखी होऊन बाहेर आली. उरली माझी. ती झिजू नये म्हणून मी कधी वाजवलीच नाही. चांगली रेकॉर्ड न वाजवणं हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे.

दोन वर्षांपूर्वी मध्याच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून तो पाटीवर लिहून बोलतो. तीनएक महिन्यांपूर्वी त्याचा मेसेज आला, ‘अऱ्या, एकदा माझा आवाज ऐकायचाय. रेकॉर्ड घेऊन ये.’ इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे साधी काडेपेटी मागितली नव्हती. मी तिकीट काढलं, कपाटातून आमचं तपकिरी कव्हर काढलं आणि आत पाहिलं तर भूपाळ्या!

झालं होतं असं. मी रेकॉर्डी धुतो. पाण्यात थोडा साबण घालून वीसेक एकदम, आणि वाळायला बायकोच्या भांड्यांच्या जाळीत. त्याआधी अडीच महिने अशाच धुतल्या तेव्हा चष्मा वर राहिला होता, जिना चढायचा कंटाळा केला आणि अंदाजाने कव्हरांत भरल्या. ‘कव्हरातली रेकॉर्ड कव्हरावरचीच आहे ना, हे आधी बघा’ असा सल्ला मी गिऱ्हाइकांना पंचवीस वर्षं देतोय. बायकोला सांगितलं तेव्हा तिने फक्त जाळीकडे बघितलं.

भूपाळ्यांचं कव्हर मी कुरिअरने बेंगळुरूत बनशंकरीला इंदूअक्का नावाच्या गिऱ्हाइकाला पाठवलं होतं. त्यांचं सासर-माहेर दोन्ही मराठी, पण चार पिढ्या बेंगळुरूत. फोन केला. त्या म्हणाल्या, रेकॉर्ड सुखरूप आहे, फक्त मशीन बिघडलंय, तुम्ही या. कुरिअरने परत पाठवा म्हणायला माझी जीभ रेटेना. लोकांच्या रेकॉर्डी कुरिअरने जातात, माझी हातातूनच येणार.

गाडी पुण्याहून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते. थ्री एसीला चौदाशेच्या आसपास पडतात. ज्येष्ठांची सवलत बंद झाल्यापासून म्हातारं होण्यात काही राम उरलेला नाही. डबा घरूनच न्या, गाडीतलं जेवण हा धाडसी लोकांचा प्रांत आहे. पहाटे जाग ठेवलीत तर मोठमोठ्या दगडांचे डोंगर दिसतात, ते चुकवू नका. शेवटी शेवटी गाडी येलहंक्याला थांबते. मध्याचं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. उतरलो असतो तर काय दाखवणार होतो? भूपाळ्या? पडदा ओढून गाडी हलेपर्यंत तसाच बसलो. शरम वाटली.

मॅजेस्टिकला, म्हणजे बेंगळुरूच्या मुख्य स्टेशनाला उतरल्यावर बाहेरच्या रिक्षावाल्यांशी डोकं लावू नका, सरळ मेट्रोत शिरा. हिरवी लाइन थेट बनशंकरीला नेते. आधी पोटोबा केला: दोन इडल्या, एक वडा आणि चटणी वाटीभर, मागाल तितक्यांदा. इथे दोघांत एक कॉफी घ्यायची पद्धत आहे, तिला ‘बाय टू’ म्हणतात. मी एकट्यानेच बाय टू मागितली आणि दोन्ही ग्लास प्यायलो. काउंटरवरच्या माणसाने मान हलवली.

इंदूअक्का शहात्तरच्या. दारात रांगोळी, हातात वेताची काठी. ‘या या, स्वल्प बसा,’ म्हणाल्या. स्वल्प म्हणजे थोडं, हे उप्पीटाच्या दुसऱ्या वाढणीनंतर खोटं असल्याचं कळलं. मग त्यांनी सगळी कहाणी सांगितली. यजमान हयात असताना रोज सकाळी घरात भूपाळ्या लागत. तीच रेकॉर्ड मिळाली म्हणून त्यांनी देवापुढे दिवा लावून सुई टेकवली, आणि आमचं ‘थर्ड गियर’ सुरू झालं. शेजारच्या गौडांच्या घरातून माणसं धावत आली.

आता कोणीही म्हणेल, रेकॉर्ड दुसरी आहे. पण अक्कांना ही शंका शिवलीसुद्धा नाही, कारण रेकॉर्ड पुण्याच्या माणसाने पाठवली होती. लेबल कोरं होतं, तर त्या म्हणाल्या, तुम्हीच धुऊन देतो म्हणालात, धुताना छापील अक्षरं गेली असतील. आवाज असा येतोय म्हणजे मशीनच बिघडलं. म्हणून त्यांनी सुई बदलली. मग तबकडी फिरवणारा पट्टा बदलला. दोन महिने हे चाललं होतं. मधल्या काळात त्या रोज सकाळी एकदा लावून बघायच्या, सुधारलंय का म्हणून.

मी हात जोडून माफी मागितली आणि पिशवीतून भूपाळ्या काढून दिल्या. लेबलवरची अक्षरं बघून त्यांचे डोळे भरले. मग मी माझी मागितली, तर म्हणाल्या, ‘ती मशीनबरोबरच गेलीय ना. मंजण्णा म्हणाला, जी वाजवून बिघडतंय तीच पाहिजे.’ मंजण्णा म्हणजे रिपेअरवाला, राहतो बोम्मसंद्र्यात. रेकॉर्ड रिपेअरवाल्याकडे म्हणजे कोंबडी मांजराकडे. जड हाताने दहा वेळा सुई टेकली की मध्याचा आवाज कायमचा खरवडून निघणार होता.

बनशंकरीहून एकच स्टेशन मागे आर. व्ही. रोड, तिथे बदलून पिवळी लाइन. ती थेट बोम्मसंद्र्याला जाते. खर्च साठ-सत्तर रुपये, आणि होसूर रोडची वाहनं खाली तुंबलेली बघत वरून जाण्याचं सुख फुकट. मला ते सुख लागलं नाही. डब्यात पाठीवर गिटार लटकवलेला एक पोरगेला इसम होता, एरवी मी त्याला चार गोष्टी सुनावल्याच असत्या. त्या दिवशी स्टेशनं मोजत बसलो.

मंजण्णा पन्नाशीचा, दिवसपाळीला कारखान्यात आणि संध्याकाळी घरी रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो. त्याची पाळी सुटेपर्यंत मी दारातच थांबलो. पुढची खोली यंत्रांनी भरलेली, कोपऱ्यात हार्मोनियम. भजनी मंडळात तोच पेटी वाजवतो. अक्कांचं मशीन टेबलावर होतं आणि त्यावर आमची पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड! मी ती उचलून उजेडाकडे तिरकी धरली. एक ओरखडा नाही. सुईचं वजन त्याने काट्यावर मोजून ठेवलं होतं, मीसुद्धा इतकं करत नाही. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

इथेच निघालो असतो तर सुखात राहिलो असतो. पण मी म्हटलं, लाव एकदा. चव्वेचाळीस वर्षांनी ऐकणार होतो. पहिल्या दोन ओळी मध्या गायला आणि माझ्या अंगावर काटा आला. मग माझी गिटार सुरू झाली. काहीतरी खटकलं. मी म्हटलं, मशीन अजून हळू फिरतंय.

मंजण्णाने शांतपणे पुठ्ठ्याची एक चकती काढून फिरत्या तबकडीवर ठेवली. तिच्यावर बारीक काळ्या रेघा असतात. वेग बरोबर असला तर ट्यूबलाइटच्या उजेडात त्या जागच्या जागी उभ्या दिसतात. रेघा उभ्या होत्या. मग तो पेटी घेऊन बसला आणि मध्याच्या आवाजाखाली स्वर धरला. तंतोतंत. मग माझ्या गिटारखाली धरला. पेटी वर, गिटार खाली.

‘सर,’ मंजण्णा म्हणाला, ‘मशीन सरी है. सिंगर भी सरी है. गिटार सरी नहीं है.’

सरी म्हणजे बरोबर, हे तोवर मला कळायला लागलं होतं. तरी मी वाद घातला. वेग कमी असेल म्हटलं. तो म्हणाला, वेग कमी असता तर गाणारापण खाली आला असता. बरोबरच होतं ते. शिकवणीला येणारं पहिल्या महिन्यातलं पोरसुद्धा हे सांगेल. त्याला माहीत नव्हतं की गिटारवाला मीच, म्हणून तो पुढे मोकळेपणाने बोलत राहिला. दोन महिने त्याला हाच बिघाड सापडत नव्हता म्हणे, आता निश्चिंत झाला. मला त्याने चहा पाजला. मी तो कसाबसा प्यायलो.

रात्री मॅजेस्टिकजवळच्या लॉजवर राहिलो. बाराशे रुपये, खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. झोप लागली नाही, त्यात लॉजचा दोष नाही.

सकाळी येलहंक्याची बस धरली. बसने तासभर लागतो, खिडकी मिळाली तर बरा लागतो. वाटेत दोनदा मनात आलं की रेकॉर्ड खराब निघाली म्हणून सांगावं. इतकी वर्षं मी छाती काढून सांगितलेली गोष्ट खोटी होती, आणि आता ती मध्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर, मोठ्याने वाजणार होती. पण त्याला त्याचा आवाज पाहिजे होता. तो माझ्या पिशवीत होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

मध्याने महिनाभर आधीच प्लेअर विकत घेऊन ठेवला होता. त्याच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, त्याच्यावर विणलेला रुमाल घातला होता. मध्या वाळलाय, पण डोळे तेच मिश्किल. मी सुई टेकवली. तेवीस वर्षांचा मध्या गायला लागला तसा सदुसष्टचा मध्या खुर्चीत ताठ झाला. त्याचे ओठ हलत होते, एक शब्द चुकला नाही. वहिनी दारातच थांबल्या होत्या. त्यांच्या लग्नाआधीच तो गाणं सोडून बसलेला, नवऱ्याचं गाणं त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, ‘असे गायचात तुम्ही?’ मीही रडलो, उगाच कशाला लपवू?

गाणं संपल्यावर मी म्हटलं, ‘मध्या, तू सुरात होतास. मी उतरलेलो होतो.’

त्याने पाटी घेतली. लिहिलं, ‘माहीत होतं.’

‘मग तेव्हाच बोलला का नाहीस, गाढवा?’

त्याने पाटी पुसली, जरा विचार केला आणि लिहिलं, ‘दोघांपैकी एक जण जाणारच होता. मला नोकरी मिळाली असती. तुला दुसरं काही येतच नव्हतं.’

मी ते दोनदा वाचलं. वहिनींनी विचारलं काय लिहिलंय, तर त्याने घाईघाईने पुसून टाकलं आणि जेवायला वाढ अशी खूण केली. जेवायला बिसीबेळे भात, म्हणजे डाळ-भाज्यांची गरमागरम तिखट खिचडी होती, वर घरची खारी बुंदी. मी दोनदा घेतली.

रेकॉर्ड त्याच्याकडेच ठेवून आलो. परतीच्या गाडीआधी अव्हेन्यू रोडच्या गल्ल्यांत फिरून नऊ जुन्या रेकॉर्डी घेतल्या. तुम्ही जाणार असाल तर सकाळी जा, सुटे पैसे ठेवा आणि चष्मा घरी विसरू नका.

पुण्याला येऊन आता दोन महिने झाले. दर शनिवारी दुपारी मी गॅरेजमधून मध्याला फोन लावतो आणि स्पीकरवर ठेवतो. तो बोलू शकत नाही म्हणून मी गिटार वाजवतो. तार उतरली की तो पेन्सिलीने पाटीवर टकटक करतो. पहिल्या शनिवारी एवढी टकटक झाली की बायको खाली येऊन बघून गेली, सुतार आलाय का म्हणून. मग मी गिटारची खुंटी पिळतो, तार चढवतो आणि पुन्हा सुरू करतो. सदुसष्टाव्या वर्षी गुरू मिळालाय, फी नाही.

गेल्या शनिवारी पहिल्यांदाच अख्खं गाणं एकाही टकटकीशिवाय पार पडलं. मला वाटलं फोन कट झाला. हॅलो हॅलो केलं तर वहिनींनी फोन घेतला आणि हळूच म्हणाल्या, ‘भावजी, ते केव्हाचे झोपलेत.’ उतरलेल्या तारेवर मध्याला झोप लागणं शक्य नाही. मी गिटार पुसून ठेवली आणि दिवसभर खुशीत होतो.