महादेवचं कोण आहे?

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. तोंडाने सांगायला जमत नाही, म्हणून लिहितोय. आमच्या मठात सोमवारी भजनानंतर कुणीतरी उठतं आणि देवाने आपल्याला कसं तारलं ते सांगतं. बाकीचे माना डोलावतात. मी कधी उठलो नाही. देवाने मलाही तारलं आहे, ते खरंच आहे. पण कुणापासून तारलं असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यावं लागेल की माझ्यापासूनच. ते भरल्या मठात कसं सांगायचं?

मी उदगीरचा. भांड्यांचं दुकान आहे. माझ्या बायकोचं नाव महादेवी. साडेचार वर्षांपूर्वी निलंग्याहून येताना ती माझ्या मोटारसायकलवर मागे बसली होती आणि मी एका हाताने फोनवर बोलत होतो. गतिरोधक दिसलाच नाही. मला खरचटलंसुद्धा नाही. ती डोक्यावर पडली. मेंदूत थोडा रक्तस्राव झाला, पंधरा दिवस दवाखान्यात काढले, बरी होऊन घरी आली. आठ महिन्यांनी पहिला झटका आला. आमच्याकडे त्याला मिरगी म्हणतात, आणि तेही आवाज खाली करून. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, सकाळी एक, संध्याकाळी एक. निघताना त्यांनी दोनदा बजावलं, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. मी मान हलवली. त्यानंतर दोन वर्षं एकही झटका आला नाही. दोन वर्षं नीट गेली की माणसाला वाटायला लागतं, आजारच नव्हता.

मग लेकीची सोयरीक जुळत आली. लातूरचे पाहुणे, घरंदाज माणसं. मुलाची आई म्हणाली, आम्ही तीन दिवस मुक्कामाला येतो, घर बघू, माणसं बघू. ती बाई डोळ्याने घराचे कोपरे मोजणारी. महादेवी गोळी जेवणाबरोबर घेई, सगळ्यांसमोर, लपवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पाहुणीने एकदा विचारलं असतं, "कशाची हो गोळी?" तर तिने सरळ सांगितलं असतं. आईला मिरगी म्हणजे उद्या लेकीलाही, असंच लोक धरतात. डोक्याच्या माराने आलेली मिरगी पोटच्या पोरीत उतरत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण लातूरच्या बाईला ते कोण सांगणार?

पाहुणे यायच्या आठवडाभर आधी मी महादेवीला म्हणालो, "डॉक्टरांना फोन लावला होता. आता गोळी बंद केली तरी चालतंय म्हणले."

ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "खरंच म्हणले? का तुमचंच डोकं चालवून ऱ्हायलात?"

"खरंच म्हणले."

"मग लिंगावर हात ठेवून सांगा."

हे ती हसत म्हणाली. आम्ही लिंगायत. दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग चांदीच्या डबीत गळ्यात असतं, ते देहावेगळं करायचं नाही, अशी आमची रीत. लिंगावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी सदऱ्यावरून हात ठेवला आणि म्हणालो, "महादेवाशपथ." तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. मनात मी हिशोब केला होता, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, पाहुणे गेले की पुन्हा सुरू करू, काहीतरी कारण सांगू.

पाहुणे आले, जेवले, खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवी स्वयंपाकघरात पडली. मी दुकानाला निघालो होतो, चपला पायात होत्या. शेजारणीने कांदा फोडून नाकाशी धरला, कुणीतरी माझ्याच पायातली चप्पल काढून तिला हुंगायला दिली. झटका थांबे आणि पुन्हा सुरू होई. उदगीरच्या डॉक्टरांनी सुई टोचून तशीच नांदेडला पाठवली. गाडीत लेक आईचं डोकं धरून बसली होती. तिने मला एकच प्रश्न विचारला, "अप्पा, आईच्या गोळ्या चालू आहेत ना?" आणि मी हो म्हणालो.

हाच प्रश्न नांदेडला अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीण बाईंनी विचारला. तिथे नवीनच आलेल्या, वयाने माझ्या लेकीपेक्षा फार मोठ्या नसतील. "गोळी चुकली का? एखादा दिवस तरी? काही बदल?" लेक शेजारी उभी होती. मी म्हणालो, "नाही, नेमाने घेते." त्यांनी लिहून घेतलं. त्या लिहीत असताना मी त्यांच्या पेनाकडे बघत होतो. अजून वेळ आहे, आता बोल, असं आतून कोणी म्हणत होतं. मी पेनाचं टोपण लागेपर्यंत गप्प राहिलो.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गोळी चालू असतानाही झटके थांबत नाहीत, हे काही बरोबर दिसत नाही. दुसरं काहीतरी कारण असणार. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासू. आणि दुपारपर्यंत थांबले नाहीत तर पूर्ण झोपवून श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल." मी कागदावर सही केली. माझ्या एका खोट्यावर त्या मंडळींचं सगळं शास्त्र चुकीच्या वाटेने निघालं होतं आणि मी सही करत होतो. बाकड्यावर बसून मी लिंगपूजा करायला घेतली. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं, हीच आमची पूजा. मला बघवेना. मी डोळे मिटून नुसतं नाव घेत राहिलो. देवा, तिला वाचव, पण माझ्या तोंडून काही वदवू नकोस. लाज वाटते, पण मागणं असंच होतं.

अकराच्या सुमाराला दारावरच्या रखवालदाराने हाक मारली, "महादेवचं कोन हाय? चला, बाईंनी बोलावलंय."

मी ऐकलं ते महादेवी. तसाच उठून आत गेलो. माझ्यामागे एक बाई आल्या, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. डॉक्टरीण बाई नऊ नंबरच्या खाटेशी उभ्या होत्या. आमची खाट सहा नंबरची. नऊवर एक शेतकरी माणूस बेशुद्ध पडला होता, हदगावकडचा. कापसाच्या गाडीवरून पडलेला. त्याचं नाव महादेव. हाक त्यांना होती. मी मागे फिरायला हवं होतं. पण समोर माझी महादेवी दिसत होती, तिच्या डाव्या गालाची शीर सारखी उडत होती, आणि माझे पाय हललेच नाहीत.

डॉक्टरीण बाई त्या बाईंना म्हणाल्या, "मावशी, डोक्याचं ठीक चाललंय, पण यांची छाती भरून आलीय. पडल्यावर तोंडातून काही दिलं होतं का? पाणी, दूध?"

मी मनात म्हटलं, आता ही नाही म्हणणार. कुणीही नाहीच म्हणेल.

"दिलं की," त्या बाई म्हणाल्या. "म्या दिलं. शुद्ध नव्हती त्यांना, तरी महादेवाचं तीर्थ पाजलं, वाटीभर. लोकं म्हनत व्हती नको, म्या ऐकलं न्हाई. माझंच चुकलं बाई. तुमी मला काय बोलायचं ते बोला, पर त्यायला बघा."

मला वाटलं आता डॉक्टर ओरडणार. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत मावशी. आता कुठे बघायचं ते कळलं." आणि लगेच नर्सला औषध बदलायला सांगितलं. एवढंच झालं. दोन वाक्यं. आभाळ कोसळलं नाही. त्या बाईंनी पदराने नाक पुसलं आणि वळताना मला बघून विचारलं, "तुमी बी महादेवचेच का?"

मला धक्का बसला तो सांगता येत नाही. लिंगावर हात ठेवून मी महादेवाची शपथ घेतली होती, आणि ही बाई साध्या प्रश्नासारखं विचारत होती की तुम्हीही त्याचेच का. मी डॉक्टरीण बाईंकडे वळलो आणि बोलून गेलो, "मॅडम, सहा नंबर. मी खोटं सांगितलं. गोळी मीच बंद केली. अकरा-बारा दिवस झाले. तिला सांगितलं तुम्हा लोकांचं नाव घेऊन."

त्या तडक सहा नंबरकडे गेल्या, त्याच गोळीचं औषध शिरेतून मोठ्या मात्रेत सुरू केलं, मणक्यातलं पाणी काढायचं थांबवलं. संध्याकाळपर्यंत गालाची शीर उडायची थांबली.

मला चूक नेमकी किती मोठी होती हे कळलं ते तिसऱ्या दिवशी, त्यांनी मला बसवून समजावलं तेव्हा. त्या म्हणाल्या, मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो एका रसायनाने. निरोप पोचला की ते रसायन तिथून लगेच उचलावं लागतं. हे काम करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, त्यांना ग्लिया म्हणतात, म्हणजे डिंक. पूर्वीच्या शास्त्रज्ञांना वाटायचं, या नुसत्या चिकटवून धरण्यापुरत्या आहेत. प्रत्यक्षात सगळं उष्टंखरकटं त्याच उचलतात, बिनधोक करून पुन्हा निरोप देणाऱ्या पेशीकडे परत पाठवतात. मार लागतो तेव्हा याच पेशी फुगून जखमेभोवती भिंत घालतात, जखम पसरू देत नाहीत. पण त्या जागी त्यांची उचलायची ताकद कमी होते. मग रसायन साचतं, पेशी एकमेकींना ओरडून निरोप देत सुटतात, तो झटका. आणि फार साचलं की तेच रसायन पेशी मारतं. "तुमच्या मिसेसच्या जुन्या जखमेत हे असं आहे. ती गोळी निरोप देणाऱ्यांचाच हात जरा आखडून धरत होती, म्हणून उचलणाऱ्यांचं निभत होतं. तुम्ही ती एकाएकी काढून घेतली."

मी विचारलं, "मी अख्खा एक दिवस गप्प होतो. त्या एका दिवसात किती पेशी गेल्या असतील?"

"ते मोजता येत नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटत होतं, नुकसान व्हायचं ते मोटारसायकलवरून पडताना झालं. आता कळलं की माझी बायको रोज, दर घडीला, आतल्या कुणा न दिसणाऱ्यांच्या कष्टावर जगत होती. आमच्या मठात दासोह असतो, म्हणजे गावजेवण. मी तिथे दरवर्षी पळी घेऊन वाढायला पुढे. लोक म्हणतात, अप्पा, आणखी वाढा, मला बरं वाटतं. पत्रावळी उचलायला मी एकदाही वाकलो नाही. त्या उचलल्या नाहीत तर दुसरी पंगत बसूच शकत नाही, अन्नाची घाण होते, हे मी बघतच आलो होतो. आणि आमच्या घरातून दरवर्षी पत्रावळी उचलायला जाई ती महादेवी. पदर खोचून, कुणाला न सांगता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. त्या हदगावच्या बाईंना सांगायला गेलो तर नऊ नंबरवर दुसरा माणूस होता. महादेवला खालच्या वॉर्डात हलवलं होतं. मी खाली दोनदा शोधलं, भेट झाली नाही. त्यांचं नावही मला ठाऊक नाही. कुणी म्हणेल नावांचा घोटाळा झाला, बास. म्हणू दे. मी वाद घालत नाही. ज्या माणसाने देवाला सांगितलं होतं की माझ्या तोंडून काही वदवू नकोस, त्याला देवाने हाक मारून आत नेलं, एवढंच मला माहीत आहे.

पाचव्या दिवशी लेकीसमोर मी महादेवीला सगळं सांगितलं. तिची जीभ तेव्हा जड होती. तिने फक्त विचारलं, "लिंगावर हात ठेवला होता ना तुमी?" मी म्हणालो, ठेवला होता. तिने तोंडावरून चादर ओढून घेतली. दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "लातूरच्या पाहुण्यांना तुमी सांगा. तुमच्या तोंडानं." मी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला, नीट बोलले आणि सोयरीक मोडली. लेक माझ्याशी कित्येक महिने कामापुरतंच बोलली. महादेवीला अजून काही शब्द सापडत नाहीत. परातीला ती कधी ताट म्हणते, कधी नुसतं "ते रुंद" म्हणते. भांड्यांच्या दुकानदाराची बायको. ती हसते, मी हसू शकत नाही. देवाने सगळं परत दिलं असं मी म्हणणार नाही. तिला दिलं. एवढं मोठं दान मिळाल्यावर आणखी मागायला माझं तोंड नाही.

शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, असं मला पन्नाशीपर्यंत वाटत होतं. आता रोज सकाळी आणि संध्याकाळी मी तिला गोळी देतो. ती माझ्या हातातलं पाकीट घेते, डोळ्यांजवळ धरते, त्यावरचं नाव एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचते. मग माझ्याकडे बघते. पूर्वी ती मी दिलेलं काहीही न बघता तोंडात टाकायची. ती वाचत असते तेवढा वेळ मी पाण्याचा तांब्या धरून समोर उभा असतो, नजर खाली न घालता. मग ती "हं, हीच" म्हणते आणि माझ्या हातून पाणी घेते.