बागेची शिरगणती

नदीकाठच्या बागेच्या फाटकावर शिट्टीकाका सव्वीस वर्षं उभे होते. उभे म्हणजे पगारपत्रकापुरते. एरवी बूड टेकायला त्यांनी एक मोडकी खुर्ची आणून ठेवली होती आणि तिच्या चौथ्या पायाच्या जागी विटा रचल्या होत्या. गळ्यात कायम शिट्टी. कुणी हिरवळीवर पाय ठेवला की शिट्टी, फुलाला हात लावला की शिट्टी, एखादं जोडपं जरा जवळ सरकलं की दोन शिट्ट्या. हिरवळ अशी फारशी उरली नव्हती आणि फुलंही नावालाच होती, पण म्हणून नियम सैल करावेत असं काकांना कधी वाटलं नाही.

बागेचं वय झालं होतं. घसरगुंडीला मधोमध भगदाड पडलेलं, त्यामुळे मुलं अर्ध्यापर्यंत घसरत आणि पुढचं उडी मारून भागवत. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं होतं म्हणे. ते डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस उरला होता, रिटायर्ड पोस्टमास्तर, आणि ते दर वर्षी त्याची उंची फूटभर वाढवून सांगायचे. बाकांच्या रंगाचे पोपडे लोकांच्या विजारींना चिकटून घरोघर गेले होते. पलीकडच्या काठावर शहर तीस-तीस मजले वर चाललं होतं आणि अलीकडे बाग आपली जिथल्या तिथे कुजत होती.

या सगळ्या पडझडीत एकच गोष्ट काका जिवापाड जपायचे. नदीच्या कडेचा लोखंडी कठडा. फाटकापासून जुन्या धक्क्यापर्यंत दोनशे दहा पावलं, कमरेइतका उंच, मुठीत नीट मावेल एवढा जाड नळ. तीन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय गेला तो थोडाफार परत आला, पण एकटा उभा राहायला तयार होईना. डॉक्टर म्हणाले, काहीतरी घट्ट धरून रोज चालायचं, नाहीतर पाय चालणं विसरेल. फाटकामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत चालायला जागा म्हणजे कपाटापासून मोरीपर्यंत. मग काकू कठड्यावर आल्या. सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी दोन. साधा बल्ब बदलायचा तरी वर अर्ज पाठवून वाट बघत बसणारे काका रोज फाटक उघडण्याआधी पॉलिश पेपर घेऊन तो कठडा घासायचे, बायकोच्या तळहाताला गंज लागू नये म्हणून. हे काम त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. म्हणूनच बहुधा ते इतकं चोख व्हायचं.

अशात पोस्टमास्तर एक दिवस बातमी घेऊन आले. वरच्या लोकांच्या डोळ्यांत ही जागा भरली होती. नदीकाठची, मोक्याची, आणि बागेत तर कुत्रं फिरकत नाही. मग इथे गाड्यांचा तळ केला तर काय वाईट, असं चाललं होतं.

"आधी माणसं मोजायला येतील," पोस्टमास्तर म्हणाले. "कमी भरली की बाग गेली म्हणून समजा."

काकांनी वळून कठड्याकडे बघितलं. बाग गेली म्हणजे कठडा गेला, आणि कठडा गेला म्हणजे काय, ते त्यांनी मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही.

दोन दिवसांनी खरोखरच एक मॅडम आल्या. वय कोवळं, डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर थकवा. त्यांच्या कंपनीनं त्यांना सहा बागा दिल्या होत्या आणि मदतीला कुणीही दिलं नव्हतं. त्यांनी काकांच्या हातात एक गोल, चकचकीत यंत्र ठेवलं. बटण दाबलं की आकडा एकानं पुढे सरकायचा.

"काका, तुम्ही दिवसभर इथेच असता ना? माणूस आत आला की एकदा दाबायचं. आठवडाभर. आणि हा फॉर्म भरून ठेवायचा. कराल ना एवढं?"

"अहो, त्यात काय मोठंसं!" काका म्हणाले.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी अगदी प्रामाणिकपणे दाबलं. आकडा झाला त्रेचाळीस. त्यातले नऊ जण कुंपणाच्या भिंतीआड कशासाठी जात होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी त्या त्रेचाळीसकडे बराच वेळ बघितलं आणि मग त्यांचा अंगठा जो सुटला तो सुटलाच.

पोस्टमास्तर बारा फेऱ्या मारायचे. ते बारा माणसं झाले. प्रत्येक फेरीला माणूस थोडा बदलतोच, असं काकांनी स्वतःला पटवलं. दिवस गेलेली बाई आली तर दोन. पत्ता विचारायला कुणी आत डोकावला तर त्याचा विचारण्याचा एक आणि आभाराचा एक. शाळेची बस रस्त्यावरून गेली तर आतली सगळी मुलं, कारण कधी ना कधी ती येणारच होती. उजव्या हातानं जेवताना डावा अंगठा चालू. चौथ्या दिवशी अंगठा टम्म सुजला. काकू त्याला बाम चोळत बसल्या.

"एवढं काय केलंत तरी?"

"सरकारी काम."

"सरकारी कामानं काही सुजलेला माणूस आज पहिल्यांदा बघते मी," काकू म्हणाल्या.

आठवड्याचा आकडा भरला अडतीस हजार चारशे बारा. वरचे बारा काकांनी मुद्दाम घातले होते; गोल आकड्यावर लोक संशय घेतात. मॅडम यंत्राकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी बागेतले बाक मोजले. धड असलेले तीन भरले.

"काका, एवढी माणसं बसतात कुठे?"

"बसायला वेळ कुणाला आहे, मॅडम? येतात, जातात."

मॅडमनी हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. सहा रटाळ बागांमध्ये एक तरी अशी निघाली म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता. काकांनाही बरं वाटलं, एका फटक्यात दोघांचं भलं झालं म्हणून.

चार महिन्यांनी पालिकेच्या सभागृहात बैठक झाली. बाग वाचली होती. नुसती वाचली नव्हती, तिचा कायापालट होणार होता. मोठ्या पडद्यावर चित्रं सुरू झाली. चाळीस फूट रुंद दगडी मार्ग, कारण गर्दी फार. बाक काढून टाकलेले, कारण अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की इथे लोक बसत नाहीत. नदीच्या बाजूला पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या. इंजिनिअर साहेबांनी काकांना पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला आणि म्हणाले, "हे सगळं उभं राहणार आहे ते यांनी दिलेल्या आकड्यावर." टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या, अंगठा सांभाळून.

मग त्यांची नजर पडद्यावर कठडा शोधायला लागली. फाटक सापडलं, धक्का सापडला, मधे नुसत्या पायऱ्या.

"साहेब, कठडा कुठंय?"

"कठडा?" साहेब हसले. "काका, तुमचीच माणसं! एवढी हजारोंनी त्या जुन्या नळाला टेकली तर थेट नदीत जातील. धोका आहे. शिवाय लोक आणि नदी यांच्यात आडकाठी कशाला?"

खरं सांगावं तर बाग जाणार, न सांगावं तर कठडा जाणार. काका पुष्पगुच्छ घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसले.

अकरा महिने बागेभोवती पत्रे होते. काकू घरात कपाटापासून मोरीपर्यंत चालत होत्या, तेही दिवसेंदिवस कमी. तक्रार म्हणून नाही. "बाग मोठी होतेय ना? होऊ दे," एवढंच म्हणायच्या. पण पाऊल आता उचलत नव्हतं, घासत होतं, आणि ते फरशीवर घासल्याचा आवाज काकांना फाटकापर्यंत ऐकू यायचा. कठडा कापून ट्रकमध्ये भरला त्या दिवशी काका मुद्दाम समोर उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलून दाखवायची सोय नव्हती.

बाग उघडली. काकांना नवा गणवेश मिळाला, छातीवर 'सुस्वागतम्' असा बिल्ला आला आणि शिट्टी काढून घेण्यात आली. पहिल्या रविवारी माणसं आली, फोटो काढले, गेली. मग दगड तापायला लागला आणि दुपारी कावळासुद्धा उतरेना. पोस्टमास्तर आणि त्यांची मंडळी रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर जाऊन बसू लागली, कारण तिथे बाक होता. येणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरला त्यांना "नाही, नाही, जा" असं हातानं सांगावं लागे.

एका सकाळी काकू काठी घेऊन आल्या. फाटकाजवळच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. समोर चाळीस फूट गुळगुळीत दगड, मग उतार, मग पाणी. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि परत खांब धरला.

"केवढी मोठी केली हो जागा," त्या म्हणाल्या, "आणि धरायला काहीच नाही."

काका तडक इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात गेले. गणवेश, बिल्ला, सगळ्यासकट. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, तो आकडा खोटा आहे. त्रेचाळीस होती. बाकीची मी दाबली."

साहेबांनी उठून दार लावलं. "हळू बोला, काका. वर पाठवताना मी त्याचे पन्नास हजार केले होते. आता पलीकडचा काठसुद्धा त्याच आकड्यावर बांधायला काढलाय. तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"कठडा. बायकोला धरून चालायला."

साहेबांचा चेहरा जरा मऊ झाला. त्यांनी कपाटातून जुनी फाईल काढली, पानं उलटली, आणि मॅडमनी यंत्रासोबत भरून घेतलेला तो दोन पानांचा फॉर्म काकांपुढे सरकवला. अक्षर काकांचंच होतं. सातव्या रकान्यात विचारलं होतं, अपंग किंवा आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या किती व्यक्ती रोज येतात? पुढे एक गोल, नीट काढलेलं शून्य.

काकांना ती संध्याकाळ आठवली. त्या रकान्यापाशी पेन थांबलं होतं. काकूंचा फक्त एक पाय रुसला होता. त्यांच्यासाठी तो शब्द? हात धजावला नव्हता. अडतीस हजार माणसं बिनदिक्कत दाबणाऱ्या माणसाला तिथे एकाचा आकडा काढवला नव्हता.

"इथे एक जरी असता ना काका," साहेब म्हणाले, "तरी नियमानं आम्हाला कठडा ठेवावाच लागला असता. निदान तुमच्या घरापासून धक्क्यापर्यंत. आकड्याचा प्रश्नच नव्हता."

"मग आता?"

"आता पाच वर्षं त्या दगडाला हात लावता येत नाही. गॅरंटी आहे त्याची."

काका घरी आले. काकू कपाटाला टेकून उभ्या होत्या, मोरीपर्यंत जायचा धीर गोळा करत. काकांनी बिल्ला काढून ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अंगठा, पोस्टमास्तरांची बारा माणसं, शाळेची बस, शून्य. बाराच्या हिशेबाला काकूंना हसू आलं. शून्याशी आल्यावर त्या हसायच्या थांबल्या.

"लिहवलं नाही गं मला," काका म्हणाले. "तुला तसं म्हणवलं नाही."

काकूंनी हातातली काठी कपाटाला टेकवून ठेवली. रागावल्या असत्या तर बरं, असं काकांना वाटून गेलं.

"लंगडी म्हणून लिहायचं होतंत हो," त्या म्हणाल्या. "आज चालत असते."