तीन नंबरची टाकी

रोज संध्याकाळी कामावरून आली की नंदाबाई उंबऱ्यातच उभी राहून तोंड उघडते. आई, मथुराबाई, चष्मा कपाळावर सारते, पुढं वाकून वास घेते आणि मग म्हणते, "ये आत." अकरा वर्षं हा नेम चुकलेला नाही. लेक पन्नाशीला टेकली, आई ऐंशीला, तरी नाही.

त्याचं कारण असं, की नंदाबाई वाइन चाखायचं काम करते आणि मथुराबाईच्या घरात पंचशील भिंतीवर लावण्यापुरतं नाही, पाळण्यासाठी आहे. पाचवं शील दारूपासून लांब राहायला सांगतं. नंदाबाईचं म्हणणं, मी तोंडात घेते, दाताहिरड्यांवरून फिरवते आणि बादलीत थुंकते. थेंब कधी गिळलेला नाही. एकदा विहारात शेजारची दैवशाला तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "पाचवं शील तोंडात धरून थुंकती म्हणं ही." नंदाबाई सावकाश वळली. "म्या थुंकते तरी, दैवशाला. तुझ्या घरातलं कोण थुंकतंय का?"

पुढं तो विषय विहारात निघाला नाही.

येडशीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला हिंमतरावांची छोटी वायनरी आहे. पाच टाक्या, गाळायचं यंत्र आणि पाहुण्यांसाठी पत्र्याची एक खोली. नंदाबाई तिथं द्राक्षं तोडायला म्हणून आली होती. पहिल्याच दिवशी तिनं एक मणी तोंडात टाकला, बी चावलं आणि कात्री खाली ठेवली. "मालक, आज तोडू नगा. बी अजून हिरवंच लागतंय." साखर मोजायचं यंत्र मात्र तोडा म्हणत होतं. हिंमतरावांनी यंत्राचं ऐकलं. त्या वर्षीची वाइन पाहुण्यांना फुकट पाजतानाही ते दुसरीकडं बघायचे. पुढच्या हंगामापासून नंदाबाईच्या दाढेखाली बी भाजक्या हरभऱ्यागत कुडुम वाजलं, की मगच कात्री लागू लागली. मग टाक्या चाखायचं कामही तिच्याकडंच आलं.

तीन नंबरची टाकी ही अशीच, यंत्राला बारा दिवस तिष्ठत ठेवून केलेली. माळावरच्या मुरमाड तुकड्यातली काळी द्राक्षं, वर्षभर टाकीत मुरलेली. आणि एप्रिलच्या भर दुपारी तिचा निकाल लावायला पुण्याहून कृष्णराज आले. एका मोठ्या कंपनीसाठी टाक्याच्या टाक्या विकत घेणारा माणूस. त्यांनी पसंत केलेली वाइन बाटलीत जाणार होती. नापसंत केलेली गोड वाइनच्या पिंपात ओतणार, साखरेखाली, बिननावाची. हिंमतरावांनी मनाची तयारी केलेली होती. साहेब म्हणतील ते खरं.

साहेबांनी फोनवरच बजावलं होतं, रेड वाइन थंड करायची नाही, रूम टेंपरेचरला ठेवा. हिंमतरावांनी सकाळीच एक, दोन आणि तीन नंबरच्या टाकीतली एकेक बाटली भरून पत्र्याच्या खोलीत मांडली.

"मालक, ती रूम कुठली म्हणायची?" नंदाबाईनं विचारलं होतं. "ह्या खोलीत दुपारी मेणबत्ती वाकती."

"साहेबांनी सांगितलंय, नंदाबाई. शिकलेला माणूस हाय."

तीन नंबरची आणखी एक बाटली तिनं भरून घेतली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि माठाशेजारी वाऱ्याला ठेवली.

कृष्णराज एक नंबर प्यायले, बरी म्हणाले. दोन नंबर प्यायले, चालेल म्हणाले. प्रत्येक घोट गिळत होते. समोरच्या बादलीकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि पायानं लांब सारली. तीन नंबरचा घोट घेतला तसा चेहरा आंबला.

"ही नुसती जळजळते हो. स्पिरिट वर आलंय. फळ कुठंय? ही गोडात टाकू."

"बरं साहेब," हिंमतराव म्हणाले.

"बरं न्हाय," दारातून आवाज आला.

कृष्णराज वळले. दारात नंदाबाई, हातात गोणपाटाची बाटली, पदर खोचलेला.

"ह्या कोण?"

"आमच्या नंदाबाई. चाखायचं काम त्यांच्याकडं असतं."

"अच्छा." त्यांना गंमत वाटली. "किती पिता तुम्ही, बाई?"

"एक थेंब न्हाय."

"न पिता कळतं?"

"तुमास्नी पिऊन कळंना झालंय, म्हणून आले."

हिंमतरावांनी टेबलावरच्या फडक्याला हात घातला आणि स्वच्छच असलेला कोपरा पुसायला लागले. कृष्णराजांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"ही तीन नंबरचीच हाय," नंदाबाईनं बाटली ठेवली. "आधी सांगून देते. फसवायचं असतं तर न सांगता दिली असती. मघाशी तुमी वाइन न्हाय प्यायलात साहेब, घोटभर ऊन प्यायलात. पुण्याची खोली येगळी, येडशीची खोली येगळी."

"रेड थंड करत नाहीत, बाई."

"थंड कुठं केली? वाऱ्याला ठेवली. हात लावून बघा." तिनं ताटलीतली कडक भाकरी मोडून पुढं केली. "आधी ही चावा. तोंड कोरडं करा. आन ह्या बारीनं गिळू नगा. दोन गिलास पोटात गेल्यात, तिसऱ्याला जीभ पेंगती."

"मी थुंकायचं?"

"म्या अकरा वर्षं थुंकते. काय कमी झालं माझं?"

खोलीत पत्रा तडतडला. कृष्णराजांनी भाकरी चावली, बराच वेळ लागला. मग घोट घेतला, तोंडात फिरवला. नंदाबाई त्यांच्या गालांकडं बघत होती, मणी तोंडात टाकल्यावर मळ्याकडं बघते तशी.

"आधी जांभूळ येतंय," ती हळू म्हणाली. "मग सुंठ. आन सगळ्यात मागं, शाळंतल्या ओल्या पाटीचा वास."

त्यांनी बादली पायानं जवळ ओढली आणि थुंकले. दुसरा घोट घेतला.

"पाटी," ते शेवटी म्हणाले. "हं." मग हिंमतरावांकडं वळून, "थोडा दर वाढवून देतो. पण जाईल गोडातच. आमच्याकडं येडशीच्या नावानं कोण बाटली घेणार?"

"मग न्हाय," नंदाबाई म्हणाली.

"टाकी तुमची आहे का?"

"न्हाय. टाकी मालकाची हाय. त्येनीच सांगावं. पण ही साखरेत गेली तर पुढच्या सालापास्नं बी तुमच्या यंत्रानं चावा, मालक. म्या येणार न्हाय."

हिंमतरावांनी फडकं खाली ठेवलं. नंदाबाईकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, आणि बऱ्याच वर्षांनी पाहुण्यापुढं मान वर करून बोलले, "एक आन दोन न्या, साहेब. तीन नंबर ऱ्हाऊ द्या. आमीच भरू बाटल्या."

"पडून राहील."

"पडू द्या. नाव तर आमचं असंल."

निघताना कृष्णराजांनी गोणपाटातली बाटली मागितली. हिंमतराव द्यायला निघाले होते. नंदाबाई म्हणाली, "इकत घ्या की." त्यांनी घेतली.

संध्याकाळी ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तोंड उघडलं. मथुराबाईनं वास घेतला, पुन्हा घेतला, कपाळाला आठी घातली.

"आज वास जास्त हाय."

"आज बोलले जास्त," नंदाबाई म्हणाली, आणि आई 'ये' म्हणायची वाट न बघता आत गेली.