चौथीला कुंकू नको

बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते, त्या सकाळी मायनं मला न्हाणीजवळ बाजूला घेतलं. "बायांना कुंकू तूच लाव. तुझ्या डोळ्याचं कायतरी त्यायच्या कानावर गेलंय. तू बराबर लावलंस की शंकाच राहायची न्हाई."

माझ्या डोळ्यांना पडद्याचा आजार आहे. आधी अंधार पडल्यावर दिसेनासं झालं, आता नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसतं, कडेचं काही नाही. लग्नानंतर तो कळला. डॉक्टर म्हणाले की हा घराण्यात चालू शकतो. सासरच्यांनी मला सांभाळून घेतलं, पण धाकटीचं अजून ठरायचं होतं. थोरलीला नीट दिसत नाही हे कळल्यावर धाकटीची सोयरीक कोण करणार? मला मायचा राग आला. तरी हो म्हटलं, कारण बहिणीचं माझ्यामुळे मोडलं हे मला आयुष्यभर ऐकायचं नव्हतं.

एरवी कुंकू लावणं मला जमायचं. माणूस बोलायला लागलं की दात चमकताना दिसतात. तिथून नाक, नाकावरून सरळ वर कपाळ. कोणाला पत्ता लागत नसे. साथ आली, तोंडं झाकली गेली आणि माझा रस्ताच बंद झाला. वर स्वतःच्या मास्कमधली वाफ चष्म्यावर. आमच्या धावडा गावात तसं फार कोणी मनावर घेत नव्हतं. माझे चुलते मास्कला मुस्कं म्हणायचे, बैलाच्या तोंडाला बांधतात ते, आणि हनुवटीखाली अडकवून फिरायचे. पण आदल्या वर्षी बघायला येणाऱ्या मुलाचे वडील याच साथीत गेले होते. ती माणसं नाकापर्यंत बांधून येणार आणि आम्हालाही बांधायला लावणार, हे उघड होतं.

म्हणून मायनं माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. सतरंजीवर चार बाया बसतील. भिंतीकडून पहिली मुलाची आत्या, मग चुलती, मग मामी, आणि चौथी त्याची आई. "चौथीला न्हाई लावायचं. ध्यानात ठेव." विधवेला आमच्याकडे अजून कुंकू लावत नाहीत. ही रीत मला कधीच पटली नाही, आणि त्या दिवशी मी तीच घोकत बसले होते.

पाहुणे आले. पुरुष ओसरीवर बसले, बाया आत. मायनं सांगितल्याप्रमाणेच बसवल्या. पाणी देताना तिनं एकेकीला नात्यानं हाक मारली, ती मला कळावं म्हणून. बहीण समोर पाटावर, मान खाली घालून. मी ताट आणायला आत गेले. बाहेर जरा सरकासरकी ऐकू आली. लोक अंतर ठेवून बसत होते तेव्हा, मी काही मनावर घेतलं नाही.

आत्यासमोर टेकले. बोट आधी मास्कच्या पट्टीला लागलं, तिथून हळूच वर नेलं. हळद लागली, कुंकू लागलं. एक झाली. दुसरीही झाली. चष्म्यावर आता नुसतं धुकं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिसरीनं मान जरा मागे घेतली. मला वाटलं लाजली. मी पुढे झुकून दोन बोटं टेकवली.

ओसरीवरच्या गप्पा तेवढ्या ऐकू येत होत्या. मग दाराकडून मुलाच्या चुलतीचा आवाज आला, "अगं बाई, काय करून राह्यली ही?" चुलती तर भिंतीकडून दुसरी असायला हवी होती. तिला आत कोंदट झालं म्हणून ती उठून दारात जाऊन बसली होती. मामी तिच्या जागी सरकली होती आणि मामीच्या जागी मुलाची आई.

माय धावत आली. "गडबडीत झालं हो इहीणबाई. तिच्या ध्यानात न्हाई राह्यलं." मी नुसती मान हलवायची होती. तेवढ्यानं भागलं असतं, मी धांदरट ठरले असते आणि सोयरीक वाचली असती.

पण त्या बाईनं मलाच विचारलं, अगदी हळू, "तू माझ्याकडं बघतच न्हवती. तुला दिसतं का, बाई?"

तिच्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याचं जाणं माझ्या ध्यानात राहिलं नाही, हे तिच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, "फार कमी दिसतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. घराण्यात चालतो म्हणतात."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. घाईनं नाही, चांगलं दोनदा. "मंग आधी सांगायचं व्हतं," एवढंच म्हणाली आणि उठली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या. चहा ओतून ठेवला होता, तो कोणी घेतला नाही.

पाहुणे गेले. मी आणि बहीण मोरीशी बसून भरलेले कप एकेक रिकामे करत होतो. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. "माझ्यामुळं मोडलं," मी म्हटलं.

ती कप विसळत राहिली. मग म्हणाली, "मला बी दिवस मावळला की दिसत न्हाई, ताई. दोन वर्षं झाली."

मायला माहीत आहे का, मी विचारलं.

"मायच म्हनली, लग्न होईस्तोवर कुनाला बोलू नको. तुला बी न्हाई."