वरच्या बाणाचं बटण

माझी थोरली बहीण कंपनीच्या मोठ्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवर ऑपरेटर होती. आम्ही दोघी एकाच हॉलमध्ये, ती की-बोर्डवर आणि मी प्रिंटरपाशी. ऑफिसात तिला सगळे 'तोफ' म्हणत, कारण त्यावरच्या युनिक्स प्रणालीच्या हातभर लांब कमांड ती धडाधड टाइप करायची आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कमांड चुकली की अख्खी ओळ पहिल्यापासून टाइप करायची, हाच तिचा शिरस्ता. मी त्यावर कुरकुरले तर मलाच झापायची.

मग बोटांचे सांधे गेले. मनगटाला पट्टा आला. डॉक्टरांनी टाइपिंग बंद करायला सांगितलं. हे काम म्हणजे तिचा जीव की प्राण, पण करणार काय? मुदतीआधीच निवृत्तीचा अर्ज दिला आणि तो मंजूरही झाला.

शेवटच्या आठवड्यात तिच्या जागेवर नवी ऑपरेटर आली. ताई तिला एका फाइलचं लांबलचक नाव सांगत होती. त्या मुलीने पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅबचं बटण दाबलं आणि उरलेलं नाव आपसूक उमटलं. मग वरच्या बाणाचं बटण दाबलं, तर मघाची कमांड जशीच्या तशी हजर. ताई स्क्रीनवर वाकून बघू लागली. मी हातात कागद धरून मख्खासारखी उभी.

हे तू कधी बसवलंस, असं ताईने विचारलं. मुलगी गोंधळली. तिने काहीच बसवलं नव्हतं. लॉगिन झाल्यावर नुसतं 'बॅश' टाइप केलं की हा दुसरा शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, सुरू होतो, तो मशीनवर आधीपासूनच आहे, म्हणाली.

ताई तडक साहेबांकडे गेली, मी मागोमाग. साहेबांनी अगदी सहज सांगितलं, की तो शेल त्यांनीच टाकलाय, त्यालाही कित्येक वर्षं झाली, बाकीच्या विभागांत सगळे तोच वापरतात. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"मला का नाही सांगितलंत?" ताईने विचारलं.

"तुमचा हात इतका चालायचा, बाई," साहेब म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला काय गरज."

ती परत येऊन खुर्चीत बसली. मनगटाचा पट्टा सोडला. एका बोटाने वरचा बाण दाबला, मग टॅब, मग पुन्हा बाण. जुन्या कमांड एकेक करून समोर येत राहिल्या.

"दुखत नाही गं," ती माझ्याकडे बघून म्हणाली.